काळ्या मातीवरचा बाडबिस्तरा

गोदावरीच्या काठी वसलेले नांदेड सोडून लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद आणि चाकूर ही गावे क्रमाक्रमाने मागे टाकीत जो राजमार्ग लातूरला जाऊन मिळतो, त्याची लांबी एकशेचाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर असून तेवढ्या अंतरात प्रवासी नदीखोऱ्यातील सुमारे ३८० मीटर उंचीवरून बालाघाटाच्या पठारावरील सुमारे ६३० मीटर उंचीवर चढून आलेला असतो; परंतु ही चढण वाटेवर इतकी विखुरलेली आहे की मोटारीत बसलेल्या माणसास तिची वार्ताही लागत नाही. ती ज्याच्या मांड्यांना जाणवते तो सायकलस्वार, आणि त्यातही ज्याने आपला तंबू, अंथरूण, चूल, पाणी आणि हत्यारे सायकलीवरच लादून चार-आठ दिवस मजल दरमजल करीत जाण्याचे योजिले आहे असा सायकलस्वार, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या भागातील तरुणांत या प्रवासाची हौस अलीकडे वाढली आहे, तुळजापूर-पंढरपूरच्या वाऱ्याही सायकलीवरून होऊ लागल्या आहेत, आणि त्याबरोबरच परदेशी बनावटीचे अथवा परदेशी नमुन्यावर बेतलेले बरेचसे सामान त्यांच्या हाती आले आहे. हे सामान सुबक असते, हलके असते आणि महागही असते. तथापि मुक्कामावर पोहोचल्यावर त्यातील कोणता ना कोणता जिन्नस दगा देतो, ही तक्रार मी वारंवार ऐकली आहे आणि स्वतः अनुभविलीही आहे. तिचे मूळ शोधू लागले असता असे दिसते की ज्या मातीसाठी, ज्या हवेसाठी आणि ज्या बाजारपेठेसाठी तो माल घडविला गेला, त्यांतील एकही गोष्ट नांदेड-लातुरात नाही.

प्रथम वजनाचा विचार करू, कारण हौशी प्रवाशाची बहुतेक चिंता आणि बहुतेक खर्च याच एका गोष्टीपायी होतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो भार धरला, तर तो २५० मीटर वर नेण्यास लागणारे शुद्ध कार्य सुमारे २४५ किलोज्यूल, म्हणजे ५८ किलोकॅलरींच्या घरात भरते. मानवी शरीर अन्नातील उष्मांकांचा साधारण चौथा हिस्साच कार्यात उतरवू शकते हे ध्यानी घेतले, तरी हा हिशेब २३५ किलोकॅलरींपाशी थांबतो, आणि सत्तर ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत एवढी शक्ती असते. वाटेतील लहानमोठे चढउतार हा आकडा वाढवितात हे खरे. परंतु हजारो रुपये खर्चून सामानातील दोन किलो कमी केले, तर या संपूर्ण चढणीवर जी बचत होते ती त्या भाकरीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढीच होय. सपाटीवर तर वजनापेक्षा वाऱ्याचाच अंमल अधिक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समोरून वारा असता सायकलीच्या दोन्ही अंगांस फुगलेल्या थैल्या जेवढे छळतात तेवढे त्यांतील वजन छळीत नाही. लातूर हे नांदेडच्या नैर्ऋत्येस आहे. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतात आणि हिवाळ्यात ईशान्येकडून व पूर्वेकडून. म्हणून कार्तिकानंतर नांदेडहून निघणाऱ्याच्या पाठीशी सहसा वारा असतो, आणि आषाढात निघणारा त्याच रस्त्यावर दुप्पट श्रम करतो. प्रवासाची दिशा आणि ऋतू यांची अशी सांगड घालण्यास एक पैही पडत नाही.

पूर्वीच्या प्रवाशांनी काय नेले आणि काय टाळले, हे पाहणे या प्रसंगी उद्बोधक ठरेल. थॉमस स्टीव्हन्स हा २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून, पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असलेल्या जुन्या धर्तीच्या सायकलीवर निघाला, १८८६ मध्ये लाहोर ते कलकत्ता हा मार्ग त्याने भर पावसाळ्यात आक्रमिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात योकोहामास त्याची पृथ्वीप्रदक्षिणा समाप्त झाली. त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी डगला एवढाच सरंजाम होता. तंबूही तो डगलाच आणि पांघरूणही तोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने सिंहलद्वीप व हिंदुस्थान यांतील देवालये पाहत हजारो मैल सायकलप्रवास केला आणि त्याचा वृत्तांत १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. चहा, साखर, बिस्किटे, डबाबंद पदार्थ, प्रत्येकी एक कांबळे, औषधे आणि दुरुस्तीची हत्यारे ही त्यांची शिदोरी. निवारा म्हणजे डाकबंगला, आणि तो नसेल तेथे रेल्वे स्थानकाचे प्रतीक्षागृह. त्यांच्या चाकांना एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चरे काढावी लागत, ही गोष्ट आपल्या रस्त्यांवर सायकल हाकणाऱ्यास अतिशयोक्तीची वाटणार नाही.

आपल्याच मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे त्यांपैकी तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी स्वगृही परतले; इराणातील वाळवंटांपासून ब्रह्मदेशातील अरण्यांपर्यंत सर्व प्रकारची भूमी त्यांच्या चाकांखालून गेली. पुढे १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांच्या प्रेरणेने कन्याकुमारी ते काश्मीर आणि १९८८-८९ मध्ये ईटानगर ते ओखा अशा ‘भारत जोडो’ यात्रा निघाल्या, त्यांत शेकडो कोसांच्या मजला तरुणांनी सायकलींवरूनच काटल्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने अवघ्या विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सुमारे २९,००० किलोमीटर एकटीने सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, हे उदाहरण तर अगदी ताजे आहे. या सर्वांच्या साधनांत आकाशपाताळाचे अंतर होते. परंतु जे मोडेल ते वाटेत सांधता यावे ही व्यवस्था ज्याने त्याने आपापल्या परीने केलेली होती, आणि माझ्या मते प्रवासाचा सारा भरवसा तिच्यावरच असतो.

सामान सायकलीवर कसे चढवावे, या प्रश्नाचे उत्तर लातूरकरांस शोधण्यास दूर जावयास नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेली आणि १९११ मध्ये लातुरास येऊन पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही केवळ अडीच फूट रुंदीच्या रुळांवर चालत असे. ज्या तत्त्वामुळे ती अवजड माल सुरक्षितपणे वाहू शकली ते तत्त्व असे की, इंजिनापासून मालडब्यापर्यंत कोणत्याही वाहनाच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, आणि तो सर्व आसांवर होता होईल तो सारखा वाटावयाचा. हलके रूळ त्या भाराखाली वाकले नाहीत याचे कारण हेच. सायकलीला आस दोनच असतात, आणि स्वाराच्या शरीराचा निम्म्याहून बराच अधिक भार मुळातच मागील आसावर असतो. अशा स्थितीत तंबू, अंथरूण, पाण्याच्या बाटल्या आणि भांडी हा सारा संसार मागील कॅरिअरवर रचला, की पुढचे चाक उतारावर हलके होऊन भरकटू लागते आणि मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटू लागतात. जड वस्तू पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांस, शक्य तितक्या खाली, समतोल बांधाव्या. मागे अंथरूण, कपडे असा फुगीर पण हलका माल ठेवावा. प्रथम हँडल जड भासते, पण थोड्याच अंतरात हाताला सवय होते आणि सायकल रेषेत चालू लागते.

तारा तुटण्याचा हा प्रकार थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण प्रवासी याचा दोष नेहमी खड्ड्यास देतो. चाकाची प्रत्येक तार ओढून ताणलेली असते. चाक फिरताना ती जमिनीच्या बाजूस आली की तिचा ताण क्षणभर सैल पडतो आणि वर जाताच पूर्ववत होतो. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरांहून थोडा कमी, सुमारे २.१ मीटर धरला, तर नांदेडहून लातुरास पोहोचेपर्यंत प्रत्येक तारेचा ताण सहासष्ट हजारांहून अधिक वेळा सैल पडून पुन्हा चढलेला असतो. लोखंडाची तार एकदाच पुष्कळ ओढल्याने सहसा तुटत नाही, परंतु अशा आवर्तनांनी ती थकते, आणि थकते ती नेमकी हबपाशी जेथे वळविलेली असते तेथे. तार जितकी ढिली, तितका तिचा ताण खालच्या बाजूस पूर्णपणे जातो आणि तितकी ती लवकर थकते. म्हणून निघण्यापूर्वी जुन्या, जाणत्या मिस्त्रीकडून सर्व तारा सारख्या ताणून चाकाचा आऊट काढून घ्यावा. हे काम थोडक्या पैशांत होते आणि महागड्या हबपेक्षा अधिक उपयोगी पडते. अनेक दात्यांच्या गिअरच्या सायकलीत एक अडचण आणखी असते: दातेचक्रांना जागा करून देण्यासाठी मागच्या चाकाच्या उजवीकडील तारा अधिक उभ्या व अधिक ताणलेल्या असतात, तुटतात त्याही बहुधा त्याच, आणि त्या बदलण्यासाठी दातेचक्र उतरविण्याचे जे विशिष्ट हत्यार लागते ते तालुक्याच्या गावी मिळण्याची शाश्वती नसते. ते हत्यार आणि योग्य मापाच्या चार-सहा तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून नेल्या तर उरलेले काम कोणताही मिस्त्री करून देईल.

टायरच्या मापांचा घोळ याहूनही अधिक प्रवाशांस अडवितो. आपल्या दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीचे टायर २८ इंची म्हणविले जाते, आणि परदेशी धर्तीच्या प्रवासी सायकलीचे ७०० मापाचे टायरही पुष्कळदा २८ इंचीच म्हणविले जाते; परंतु पहिल्याच्या रिमचा, टायरची कड जेथे बसते तेथील, व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि दुसऱ्याचा ६२२ मिलिमीटर. हा तेरा मिलिमीटरांचा फरक कोणत्याही युक्तीने मिटत नाही. तिठ्यावरील दुकानदार टायर हातात घेऊन, उलटसुलट पाहून, “काका, हे माप इकडं मिळायचं नाही बघा, लातूरलाच जावं लागंल,” असे सांगतो तेव्हा तो अगदी खरे बोलत असतो. व्हॉल्व्हचीही हीच गत आहे. देशी ट्यूबचा व्हॉल्व्ह लहानशा रबरी नळीवर चालतो आणि ती नळी कोणत्याही पानटपरीशेजारच्या पंक्चरवाल्याकडे मिळते. मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हला त्याच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ भरता येते. परंतु काडीसारख्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला या दोहोंपैकी काहीच लागू पडत नाही. शेंगदाण्याएवढे पितळी जोडतोंड खिशात असले की ही पंचाईत उरत नाही.

आणि पंक्चर होणार हे तर ठरलेलेच. मराठवाड्यातील रस्त्यांच्या कडेला दोन वैरी सदैव उभे असतात. बाभळीचा काटा पांढरा, सरळ आणि लांब; तो टायर आरपार भेदून ट्यूबमध्ये जातो आणि दिसतोही. सराटा मात्र कपटी. जमिनीवर पसरणाऱ्या या वनस्पतीचे फळ वाळले की त्याचे तुकडे विलग होतात आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी त्याचा एक काटा आकाशाकडे उभा राहतो. पावसाळा सरल्यावर, म्हणजे नेमके सायकलप्रवासाच्या उत्तम ऋतूत, डांबराच्या कडेची माती या तुकड्यांनी भरून जाते. समोरून ट्रक आला म्हणून रस्ता सोडून कडेला उतरणे हे जिवाच्या रक्षणासाठी योग्यच आहे. पण पुन्हा डांबरावर येताच थांबून, दोन्ही टायर हाताने फिरवून, रुतलेले काटे आत जाण्यापूर्वी उपटून काढावे. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की मोडून राहिलेले टोक बोळ्यात अडकते. हे न केल्याने एकाच ठिकाणी तीन-तीनदा पंक्चर होते, आणि बिचारे सोलूशन मात्र नाहक बदनाम होते.

कॅरिअरविषयी माझे मत पक्के आहे. ॲल्युमिनियमचा कॅरिअर हलका व देखणा असतो, पण ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. लहान धक्केही, पुरेसे झाले की, त्यास शेवटी तडा पाडतातच. पोलादाच्या बाबतीत भार एका मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ अनंत धक्के सोसते. आणि तुटलेच, तर ट्रॅक्टरची ट्रॉली आणि शेतीची अवजारे सांधणारा वेल्डिंगवाला आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावी आहे. तो पोलादी कॅरिअर घटकाभरात जोडून देईल, परंतु त्याच्या साध्या यंत्रावर ॲल्युमिनियम जुळणार नाही. रात्रीच्या मुक्कामी सर्व स्क्रूंवरून एकदा पाना फिरविण्याची शिस्त मात्र दोन्ही प्रकारच्या कॅरिअरना सारखीच आवश्यक आहे.

आता मातीकडे वळू. दक्खनच्या ज्वालामुखीजन्य काळ्या पाषाणाची झीज होऊन जी काळी माती बनली, तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाची रचना पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, पाणी गेले की आकसते. कापसाला, तुरीला आणि रब्बीच्या ज्वारीला हीच माती वरदान ठरली, कारण ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. तंबू ठोकणाऱ्यास मात्र ती वर्षभर निरनिराळ्या प्रकारे हैराण करते. ओली असता तिच्यात मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तितक्याच सहज बाहेरही येते. हिवाळ्यात वरचा थर कडक असतो पण खाली ओल असल्याने वाऱ्याच्या झोतासरशी मेख हळूहळू तिरपी होते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि मेख नेमकी भेगेच्या कडेला बसली तर ढेकळासकट उपटून येते. परदेशी तंबूबरोबर मिळणाऱ्या वीतभर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या मेखा गवताळ, मुरलेल्या मातीसाठी केलेल्या असतात. त्यांच्यावर येथे विसंबू नये.

यास उपाय दोन. पहिला, जागाच निराळी निवडणे: काळ्या रानात न उतरता मुरमाड माळावर उतरावे, जेथे मातीचा थर पातळ असतो, पाणी साचत नाही, आणि मेख ठोकण्यास कष्ट पडले तरी ठोकलेली मेख हलत नाही. दुसरा उपाय म्हणजे मेखेऐवजी वजनावर भिस्त ठेवणे. रिकाम्या पिशव्यांत दगड भरून त्यांना तणावे बांधावे, किंवा हातभर लाकूड अथवा लांबट दगड वीतभर खोल आडवा पुरून त्यालाच तणावा बांधून वर माती दाबावी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस जो कोणी गेला असेल त्याने हे शास्त्र प्रत्यक्ष पाहिलेले असेल. लोहा तालुक्यातील या यात्रेत घोड्यांच्या, उंटांच्या आणि गाढवांच्या बाजारासाठी जी पालांची वस्ती उभी राहते, ती उभारणारी भटकी मंडळी जाड, लांब मेखा, बांबू, दोरखंड आणि गोणपाटाचे साहित्य वापरतात. त्यांची पाले सुबक दिसत नसतील, पण रात्रीच्या वाऱ्याने ती आडवी होत नाहीत. पिढ्यान्पिढ्या याच मातीवर मुक्काम करणाऱ्या लोकांच्या हातचे हे ज्ञान आहे, आणि तंबू विकत घेण्यापूर्वी अर्धा दिवस त्यांच्या पालांतून हिंडून यावे असे मी प्रत्येक नवशिक्यास आवर्जून सांगतो.

पावसात काळ्या मातीच्या पाणंदीत सायकल घालण्याचा मोह धरू नये, एवढेच त्या बाबतीत सांगणे पुरे. चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ठासून बसतो, चाक जागचे हलत नाही, आणि काडीने तो उकरीत बसण्यात दिवस जातो. अशा वेळी एखाद्या गोठ्याच्या आडोशाला थांबून ऊन पडण्याची वाट पाहणारा प्रवासीच अखेरीस लवकर पोहोचतो.

तंबूच्या आत सकाळी पाणी टपकते तेव्हा पुष्कळांस कापड गळके निघाल्याचा संशय येतो. वास्तविक मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्री तंबूचे कापड आपली उष्णता आकाशाकडे फेकून भोवतालच्या हवेहूनही थंड होते, आणि श्वासावाटे निघालेली बाष्पयुक्त हवा त्यास लागताच तिचे दंव बनते. झाडाच्या छत्राखाली तंबू लावला तर झाड ही उष्णता काही अंशी परत देते व दंव कमी पडते. आंबा, चिंच, लिंब ही झाडे त्यास उत्तम, बाभूळ अर्थातच वर्ज्य, आणि वळवाचे दिवस असतील तर कोणतेही जुने झाड वर्ज्य. तंबूची दोन्ही तोंडे चार बोटे उघडी ठेवल्यास बाष्प निघून जाते, परंतु आतील जाळी मात्र पूर्ण बंद हवी. याचे कारण केवळ डास नव्हे. आपल्या भागात मण्यार हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा इतका वेदनारहित असतो की झोपलेल्यास कळतही नाही. विष मात्र अत्यंत जहाल. तंबूची सलग जमीन आणि बंद होणारी जाळी यांचे खरे मोल येथे आहे, आणि म्हणूनच तंबूच्या साऱ्या अवयवांत मी साखळीस, म्हणजे झिपेस, पहिला मान देतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असून ती झिपेच्या सरकत्या तुकड्यास आतून घासून रुंद करते. मग तो तुकडा पुढे सरकतो पण दाते मिटत नाहीत. रोज जुन्या दातघासणीच्या ब्रशाने दाते झाडावे, आठवड्यातून एकदा मेणबत्ती घासावी. आणि तरीही झीप उघडी राहू लागली तर त्या तुकड्याच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबाव्या, की ती आणखी काही दिवस चालते. तेल कधीही लावू नये, कारण तेलावर धूळ बसून तिचीच सहाण होते.

अंथरुणाच्या बाबतीत हवा भरण्याच्या गाद्यांचा मला कधी विश्वास वाटला नाही. सराट्याचा काटा टायरप्रमाणे गादीसही ओळखतो, आणि सायकलच्या ट्यूबचे सोलूशन त्या गादीच्या कापडास धरत नाही. त्यासाठी वेगळा गोंद लागतो. बंद पोकळ्यांच्या फोमची साधी गुंडाळी, तिच्यावर धनगरी घोंगडी, एवढे आपल्या थंडीस पुरेसे आहे. घोंगडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि ठिणगीने पेट घेत नाही, हे तिचे दोन गुण कोणत्याही पिसांच्या पिशवीत नाहीत.

चुलीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेल्या प्रायमस स्टोव्हने एकेकाळी जगभरच्या प्रवाशांची सोय केली. काकडा पेटवून नळी तापविली की दाबाखालचे रॉकेल वाफ होऊन निळ्या ज्योतीने जळे, आणि भोक बुजले की पिन मारावी, एवढेच त्याचे शास्त्र. आज रॉकेल सहजासहजी मिळत नाही. पेट्रोलवर चालणारे लहान स्टोव्ह मिळतात, पण पेट्रोल त्यांच्या बारीक नळीत काजळी धरते. गॅसच्या लहान पेचदार डब्या जिल्ह्याबाहेरून मागवाव्या लागतात, आणि रेल्वेत किंवा विमानात त्या नेण्यास कायद्याने मज्जाव आहे. रानात तीन दगडांची चूल मांडणे सोपे वाटते, परंतु ज्वारीची धाटे आणि कडब्याच्या गंजी वाळून खडखडीत झालेल्या असता एका ठिणगीने शेतकऱ्याची वर्षाची वैरण जाऊ शकते. तो धोका पत्करण्याचा आपणास अधिकार नाही. ज्या भागात दहा-पंधरा किलोमीटरांवर पिठले-भाकरी आणि ठेचा मिळतो तेथे चूल न नेणे हेच मी श्रेयस्कर मानतो. वाचलेल्या जागेत पाणी न्यावे. ज्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात चैत्रानंतर वाटेतील हातपंप अथवा आड ऐन वेळी कोरडा निघू शकतो, हे गृहीत धरूनच निघावे.

आणि प्रत्येक रात्र तंबूतच काढली पाहिजे असा काही दंडक नाही. नांदेड हे तर मुक्कामाचेच शहर: १७०८ मध्ये बहादुरशहाच्या छावणीच्या सुमारास श्री गुरू गोविंदसिंगजी येथे आले व येथेच त्यांनी देह ठेवला, महाराजा रणजितसिंग यांनी उभारविलेल्या सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात आजही कोणत्याही जातिधर्माच्या प्रवाशास लंगरात अन्न मिळते आणि यात्री-निवासांत आसरा मिळू शकतो. खेड्यांतून मारुतीचे देऊळ, शाळेची पडवी, ग्रामपंचायतीची ओसरी या जागा सरपंचास अथवा पोलीस पाटलास विचारून मिळू शकतात; शेतात उतरावयाचे झाले तर मालकास भेटल्याखेरीज मेख ठोकू नये. एवढी अदब पाळली की “राहा की भाऊ, त्यात काय इचारायचं,” असे उत्तर बहुधा येते, आणि मागोमाग पाण्याचा तांब्याही येतो.

प्रवास संपल्यावर सामानाचे सर्वांत मोठे नुकसान घरातल्या घरात होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. तंबूच्या कापडास आतून पॉलियुरेथेनचा जो पातळ लेप दिलेला असतो तो उष्ण आणि दमट हवेत बाष्पाच्या संयोगाने विघटित होतो. कापड चिकट होते, त्यास आंबूस वास येतो, आणि शिवणीवरच्या पट्ट्या सुटू लागतात. म्हणून आल्याबरोबर तंबू सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस वाळवावा, कारण उन्हातील अतिनील किरण नायलॉनची शक्ती खातात. नंतर त्याच्या मूळच्या घट्ट थैलीत न कोंबता सुती पिशवीत सैल भरावा, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर कधीही ठेवू नये. लेप एकदा सुटला की तो पूर्ववत होत नाही. तेव्हा वरचे कापड टाकून देऊन जाळीचा आतला तंबू तेवढा ठेवावा, आणि मोंढ्यातील ताडपत्रीवाल्याकडून मापाने तुकडा कापवून, कडा शिववून, दर दोन वितींवर पितळी आयलेट ठोकवून घ्यावीत. रास झाकण्यासाठी आणि ट्रॅक्टरवर टाकण्यासाठी शेतकरी जी ताडपत्री नेतात तीच येथे चालते, तिचे वजन एखाद-दुसरा किलो अधिक भरते, आणि नांदेडच्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतालच्या बाजारात काय, हे सारे काम एका दिवसात होऊन मिळते.